बाईंची हाफ पँट

अनुपमाबाईंच्या आयुष्यात हाफ पँट आली ती साठी उलटल्यावर, आणि तीसुद्धा नियमावर बोट ठेवून. एरवी त्या तिच्या वाटेला गेल्याच नसत्या. महाडच्या मुलींच्या शाळेत त्यांनी आधी विज्ञान शिकवलं, मग मुख्याध्यापिकेची खुर्ची सांभाळली, आणि एवढ्या वर्षांत गावाने त्यांना पाहिलं ते कडक इस्त्रीच्या सुती साडीत. निवृत्तीनंतर साडीच्या जागी सलवार-कमीज आला, तेव्हासुद्धा बाजारपेठेत चार दिवस कुजबुज झाली होती. अशा गावात बाईंचे गुडघे कुणाच्या स्वप्नातही आलेले नव्हते.

पण गोल्फ आला आणि सगळं बिघडलं.

तो आला डॉक्टर स्नेहलमुळे. स्नेहल महाडातच दवाखाना चालवायची आणि बाईंची रक्तातली साखर तिच्या ताब्यात होती. रोज चाला, असं तिने बजावलं. कुठेच जायचं नसताना चालायचं, हे बाईंना पटेना. तेव्हा स्नेहल एका रविवारी त्यांना गाडीत घालून पोलादपूरच्या वर, कुडपणच्या पठारावर घेऊन गेली. तिथे मुंबईच्या कुणा मंडळींनी नऊ होलचं छोटं मैदान आखून 'सोनपठार क्लब' काढला होता, आणि पहिल्या वर्षी आसपासच्या लोकांना सवलतीत सभासद करून घेत होते. स्नेहल तिथे आधीपासून खेळायची. तिने बाईंच्या हातात काठी दिली. बाईंनी लहानपणी विटीदांडूत भावांना रडवलं होतं. त्यांनी पाय रोवले, कंबर वळवली आणि असा टोला हाणला की चेंडू सरळ जाऊन दिसेनासा झाला. दुसऱ्या रविवारी त्या स्नेहलच्या आधी तयार होऊन दारात उभ्या होत्या.

उन्हाळाभर सारं छान चाललं. पावसाळा लागला आणि सलवारीने दगा दिला. पठारावरचं गवत सदा ओलं. त्यातून चालताना पायचे गुडघ्यापर्यंत भिजायचे, तांबड्या मातीने रंगायचे, आणि तिसऱ्या होलपर्यंत दोन्ही पायांना पाण्याच्या घागरी बांधल्यासारखं व्हायचं. त्यात तिथलं हवामान म्हणजे सासूचा मूड. खाली महाडात घामाने अंघोळ व्हावी, वाटेतल्या कापडे गावाला लख्ख ऊन लागावं, आणि वर पोहोचावं तर समोरचा माणूस दिसू नये असं धुकं. ते विरतं न विरतं तोच ऊन, उन्हाच्या पाठोपाठ सर, आणि सर थांबली की पुन्हा पाठ भाजणारं ऊन. छत्री उघडावी की मिटावी, हे ठरवण्यातच माणूस दमून जायचा.

गणपती गेले आणि क्लबची पावसाळी स्पर्धा जाहीर झाली. चौघींचा एक संघ. स्नेहलने बाईंना न विचारताच त्यांचं नाव घातलं. त्यापाठोपाठ फोनवर पोशाखाचे नियम आले. एरवी सरावाला कुणी काही म्हणत नसे, पण स्पर्धेला पाहुणे येणार होते, त्यामुळे क्लबने कंबर कसली होती. शर्टास कॉलर असावी, शर्ट खोचलेला असावा, पूर्ण अथवा अर्धी विजार टेलर्ड असावी, अर्ध्या विजारीची किनार गुडघ्यापासून चार बोटांहून वर नसावी. नाडी, बाहेरचे खिसे, जीन्स, ट्रॅक पँट आणि सलवार निषिद्ध.

'निषिद्ध' या शब्दाशी बाई थबकल्या. शाळेच्या फलकावर त्यांनी स्वतः तो किती वेळा लिहिला होता.

त्यांचे यजमान श्रीधरपंत महाडच्या कोर्टात वकिली करत आणि घरी तिचा सराव करत. त्यांनी चष्मा लावून नियम वाचला आणि त्यात भोकं शोधायला सुरुवात केली. चार बोटं म्हणजे कुणाची बोटं, याची व्याख्याच दिलेली नाही. पैलवानाची घेतली तर पार मांडीपर्यंत जागा मिळते, असं त्यांचं पहिलं म्हणणं. बाईंना उलट्या दिशेने जागा हवी होती, गुडघ्याच्या खाली, शक्यतो घोट्यापर्यंत. त्यावर पंत म्हणाले, मग सरळ पूर्ण पँट घाल.

बाईंनी तसं स्नेहलला फोनवर विचारून पाहिलं. स्नेहल हसली. पूर्ण पँट आणि सलवार पाण्याला सारख्याच, ती म्हणाली. दोन्ही भिजतात आणि दिवसभर अंगावर थंडगार राहतात.

"बाई, कातडीइतकं लवकर वाळणारं कापड अजून निघालेलं नाही," ती म्हणाली. "दोन मिनिटं वारा लागला की पाय कोरडे. ऐका माझं, शॉर्ट्स घ्या."

बाईंनी फोन ठेवला. चेंडू मारायची हौस होती, संघ त्यांच्यावर अवलंबून होता, आणि विज्ञानाच्या शिक्षिकेला कातडीचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं. शेवटी त्यांनी पिशवी घेतली आणि बाजारपेठ गाठली.

पहिल्या दुकानदाराला वाटलं, नातवासाठी हवी आहे. त्याने नारळाची झाडं आणि पोपट छापलेली बर्म्युडा काढली. दुसऱ्याकडे जी होती तिला इतके खिसे होते की त्यात आठवड्याचा बाजार मावला असता. तिसऱ्याकडची साधी, काळी, बरी होती, पण कमरेला नाडी लोंबत होती. बाईंनी प्रत्येक ठिकाणी कापड दोन बोटांत चोळून पाहिलं, परत ठेवलं आणि कुणासाठी हे कुणालाच सांगितलं नाही.

मग त्यांनी प्रश्न प्रयोगशाळेत नेला. म्हणजे मागच्या पडवीत. स्नेहलकडून एक जुनी सुती शॉर्ट्स आणली, शेजारच्या मुलाची फुटबॉलची नायलॉनची मागून घेतली, आणि ट्रंकेतून शाळेच्या गणवेशाच्या कापडाचा उरलेला तुकडा काढला, गडद निळा टेरीकॉट. तिन्हींवर एकेक तांब्या पाणी ओतून, पिळून, दोरीवर टांगली. सुती कापड संध्याकाळपर्यंत दमट राहिलं, आणि रंग फिका असल्याने ओलेपणी पलीकडचं सगळं दाखवू लागलं. नायलॉन चटकन वाळलं, पण ते हलवलं की फसफस आवाज यायचा, आणि बाईंना आपल्या येण्याची दवंडी पिटायची नव्हती. टेरीकॉट दुपारच्या चहापर्यंत कोरडा झाला, इस्त्रीची घडी तशीच्या तशी, आणि त्यावर लावलेला चिखल वाळल्यावर नुसता झटकला तरी गेला.

"हजारो मुलींवर वर्षानुवर्षं प्रयोग केलायस तू या कापडाचा," पंत म्हणाले. "आता निकाल स्वतः भोग."

शाळेचे गणवेश शिवायचा तो किशोर. बिरवाडीचा माणूस, दुकान महाडात. बाई दुकानात शिरल्या तसा तो शिलाई थांबवून उठला. त्यांनी कापड पुढे ठेवलं आणि काय हवं ते सांगितलं. गुडघ्याच्या वर दोन बोटं, चार नकोत. खाली बसून चेंडू ठेवला तरी वर चढायला नको. खिसे आतून. नाडी नको, पट्ट्याला लूप हवेत.

"कुनाच्या मापाची घेऊ, बाई?" किशोरने विचारलं.

बाईंच्या तोंडावर 'भाचीच्या' हा शब्द आला होता. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुली त्यांनी नजरेने ओळखल्या होत्या, आणि समोरच्या आरशात त्यांना आता तीच नजर दिसली.

"माझ्या," त्या म्हणाल्या.

किशोरने मान खाली घातली, टेप काढली, आणि मग बायकोला, श्रुतिकाला हाक मारून टेप तिच्या हाती दिली. श्रुतिकाने पडद्याआड माप घेतलं आणि कानात विचारलं, सिंगापूरला चाललात का. बाईंनी कुडपण म्हटल्यावर ती अजूनच गोंधळली. पण कपडा झकास बेतला होता. पंतांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि निवाडा दिला की बाकीच्या सगळ्यांच्या कंपनीच्या असतील. टेलरने शिवलेली, म्हणजे खऱ्या अर्थाने टेलर्ड, अख्ख्या क्लबात ही एकच.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी बाईंनी ती घातली, पांढरा कॉलरचा शर्ट खोचला, आरशात पाहिलं, आणि खाली काळी लेगिंग्ज चढवली. वर थंडी असेल, असं त्यांनी पंतांना सांगितलं. पंतांनी बाहेर पाहिलं. महाडात झाडाचं पानही हलत नव्हतं आणि त्यांच्या स्वतःच्या शर्टाची पाठ भिजली होती. पण संसारात काही साक्षी उलटतपासणीशिवाय मान्य करायच्या असतात, हे ते जाणून होते.

पोलादपूर सोडून गाडी कापड्याकडे वळली तेव्हा दोन्ही बाजूंना हिरवंगार भात वाऱ्यावर झुलत होतं. पंत म्हणाले, कापड्याचं भात कणीस धरून पोटरीत आलंय, आणि आमच्या घरची पोटरी मात्र अजून झाकलेली. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढच्या वळणापर्यंत त्यांनी फक्त गिअर बदलले.

क्लबच्या दारात टेबल टाकून दिशा बसली होती. दिशा मूळची कुडपणचीच. वडील कारखान्यात, बिरवाडीत भाड्याची खोली, आणि शिक्षण बाईंच्या शाळेत. हॉटेलचा कोर्स करून ती आपल्याच डोंगरावर नोकरीला लागली होती. शाळेत असताना सोमवारच्या तपासणीची जबाबदारी बाईंनी तिच्यावर टाकली होती. नखं, रिबिनी, मोज्यांचा रंग, पट्टा. दिशाच्या नजरेतून एक मळकी रिबीन सुटत नसे, आणि बाई तिचं नाव सभेत घेत.

बाईंना पाहताच ती उठली, वाकून पायाला हात लावला. तब्येत विचारली, पंतांना नमस्कार केला. मग यादीवर खूण करण्याआधी तिची नजर खाली गेली आणि तिथेच थांबली.

"बाई, शॉर्ट्स अगदी नियमात आहे," ती म्हणाली. "पण खाली लेगिंग्ज चालत नाही. पूर्ण किंवा अर्धी. एकावर एक नाही."

पंतांच्या कानावर हे पडताच ते पुढे सरसावले. असा कुठलाही नियम आपल्याला दिलेल्या मजकुरात नाही, त्यांनी ठणकावून सांगितलं. आपण तो शब्दन्‌शब्द वाचलेला आहे. दिशाने शांतपणे आपला फोन त्यांच्यासमोर धरला आणि बोटाने मजकूर वर सरकवला. खाली आणखी दोन ओळी होत्या. पंतांनी त्या वाचल्या, चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवून दिला. तीस वर्षांच्या वकिलीत मजकूर सरकवून पाहायचा राहिला, असं त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं होतं.

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागे रांगेत माणसं उभी होती. आजचा दिवस चालवून घे, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना स्वतःच ऐकू आलं की हे वाक्य आजवर त्यांना किती पालकांनी ऐकवलं होतं. पोरीचं बरोबर होतं. ते बरोबर असणंच जास्त झोंबत होतं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि कपडे बदलायच्या खोलीकडे निघाल्या.

आत स्नेहल केस बांधत होती. तिला प्रकार कळला तेव्हा तिने आपली जादा पूर्ण पँट देऊ केली. ती बाईंच्या मांडीपाशीच अडली. आता दोनच वाटा. घरी जायचं, म्हणजे चौघींचा संघ तिघींचा होऊन बाद. नाहीतर.

स्नेहल बाहेर गेली. बाईंनी बाकावर बसून लेगिंग्ज उतरवली, आडव्या-उभ्या घडीत नीट दुमडली, पिशवीत ठेवली आणि आपल्या पायांकडे पाहिलं. परकर नेसायला लागल्यापासून या पायांना ऊन लागलं नव्हतं. गोरे नव्हते, फिके होते, फडताळाच्या तळाशी राहिलेल्या कागदासारखे. डाव्या नडगीवर विटी लागल्याची खूण होती. ती आपल्याला आहे हेच त्या विसरल्या होत्या. गुडघे मात्र चांगले ठसठशीत निघाले. वर्गात पस्तीस वर्षं उभं राहिलेले गुडघे, त्यांनी मनाशी म्हटलं, यांना लाजायचं काय कारण.

तरीही दाराची कडी त्यांनी आवाज न करता, हळूच काढली.

बाहेर पाऊल टाकलं आणि पोटऱ्यांना वारा लागला. इतका साधा स्पर्श, पण बाई जागच्या जागी थांबल्या. फ्रॉकमध्ये धावणाऱ्या मुलीला जो वारा लागतो तोच तो. मध्ये एवढी वर्षं तो कुठे गेला होता, कुणास ठाऊक. पंत पायरीशी उभे होते. त्यांनी एकदा पाहिलं, इकडेतिकडे कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि हळूच म्हणाले, "लग्नाआधी दाखवले असतेस तर हुंडा मीच दिला असता."

बाईंनी त्यांना काठ्यांची पिशवी उचलायला लावली.

आता सगळा क्लब आपल्याकडे पाहणार, या तयारीने त्या पहिल्या होलपाशी जाऊन ताठ उभ्या राहिल्या. आणि दरीतून धुकं चढून आलं. आधी झाडं गेली, मग झेंडा गेला, मग शेजारची स्नेहल कमरेपर्यंत उरली. बाईंनी खाली पाहिलं तर त्यांना स्वतःचेच पाय दिसेनात. ज्या पायांपायी आठवडाभर झोप लागली नव्हती, ते पठाराने पांढऱ्या पडद्याआड ठेवून दिले होते. त्या खुदकन हसल्या. स्नेहलने धुक्यातून विचारलं, काय झालं. बाईंनी काही नाही म्हटलं आणि चेंडू मारला. तो कुठे गेला ते देवाला माहीत, पण आवाज स्वच्छ आला होता.

चेंडू शोधत त्या एका खडकाला वळसा घालून गेल्या, आणि धुक्यातून त्यांच्यासमोर दोन पाय आले. बारीक, लांब, गुडघ्यापर्यंत मोजे चढवलेले. वर खाकी शॉर्ट्स. त्याच्याही वर, धुकं जरा हललं तेव्हा, देवव्रत साहेबांचा चेहरा.

देवव्रत साहेब म्हणजे निवृत्त शिक्षणाधिकारी. बाईंच्या शाळेची तपासणी करायला ते कित्येक वर्षं येत, नेहमी करड्या सफारीत, आणि त्यांची जीप फाटकात शिरली की शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे सावधान व्हायचे. बाईंनी त्यांचे गुडघे आजवर पाहिले नव्हते आणि साहेबांनी बाईंचे. दोघांनी एकाच वेळी नजर वर उचलली आणि ती हनुवटीच्या खाली येऊ द्यायची नाही, असं जणू ठरवून टाकलं.

"नमस्कार बाई," साहेब म्हणाले.

"नमस्कार साहेब."

मग पटसंख्येची चौकशी झाली. बाई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि साहेबांना सहा, तरी दोघं नव्या इमारतीच्या प्रस्तावावर पाच मिनिटं बोलले. विज्ञानाचा निकाल समाधानकारक लागत असल्याबद्दल साहेबांनी आनंद व्यक्त केला. एवढ्यात बाईंना आपल्या पोटरीवर काहीतरी थंड जाणवलं. पाहिलं तर जळू. कोवळी, नुकतीच चढलेली. त्यांनी नखाने ती अलगद सोडवून गवतात टाकली. उघड्या पायाचा हा फायदा त्यांच्या प्रयोगात नोंदवायचा राहिला होता. साहेबांनी ते पाहिलं, चमकून आपले मोजे चाचपले आणि त्यांचा चेहरा पडला. मोजा खाली केला तेव्हा आत तिघी तृप्त होऊन बसल्या होत्या.

नजर हनुवटीवर ठेवायचा करार तिथेच मोडला. बाईंनी साहेबांना खडकावर बसवलं, पाय पुढे करायला सांगितला, आणि डब्यातल्या पेरूबरोबर आणलेल्या मिठाच्या आणि तिखटाच्या पुड्या खिशातून काढल्या. साहेब म्हणाले, बाई, तिखट नको. बाईंनी फक्त मिठाची उघडली. तिन्ही जळवा सुटल्यावर साहेबांनी दोन्ही मोजे काढून खिशात कोंबले आणि म्हणाले, सफारीच्या आतसुद्धा मी उगाच एवढी वर्षं उकडून निघालो. मग दोघंही मोकळेपणी हसले, आणि चेंडू साहेबांच्याच पायाशी सापडला.

पुढे उन्हाने डोळे दिपवले, पाठोपाठ सर आली आणि सगळ्यांना झोडपून गेली. पाहुण्यांच्या पूर्ण पँटी पायांना चिकटल्या, स्नेहलची फिकी सुती शॉर्ट्स तांबड्या ठिपक्यांनी रंगली. बाईंच्या पायांवरून पाणी ओघळलं, वारा आला, पाय कोरडे. टेरीकॉट थोड्या वेळाने कुरकुर न करता वाळला. पण कापडाच्या गुणांवर चेंडू होलात जात नाही. शेवटच्या होलला बाईंनी लांबून असा काही टोला मारला की चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर जाऊन थांबला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग तो हातभरावरचा चेंडू आत ढकलायला त्यांना तीन फटके लागले. संघाला करंडक मिळाला नाही. स्नेहल मात्र दिवसभर त्या एका टोल्याचंच सांगत राहिली.

चहाच्या वेळी दिशा स्वतः कप घेऊन आली. सकाळपासून ती बाईंच्या समोर यायचं टाळत होती. कप ठेवला तरी ती हलेना. मग म्हणाली, सकाळी तुम्ही आत गेलात तेव्हा मी घाबरले होते. वाटलं, तुम्ही मागच्या दाराने निघून जाल.

"तुझे क्लबचे साहेब काही म्हणाले का?" बाईंनी विचारलं.

"म्हणाले ना. आदल्या दिवशीच म्हणाले होते, गावातल्या मोठ्या बाई आहेत, त्यांना काही बोलू नकोस, सोड." दिशाने ट्रेची कड बोटांनी घट्ट धरली. "मी म्हटलं, सर, बाईंना सोडलं तर बाईच माझ्यावर रागावतील."

बाईंनी कप खाली ठेवला. सकाळी टेबलापाशी सोडून द्यायची भीक मागायला आपण तोंड उघडलं होतं, हे या पोरीला कळलं नव्हतं. तिच्या मनातल्या बाई खऱ्या बाईंपेक्षा जरा उंच होत्या. त्यांनी दिशाला शेजारी खुर्ची ओढायला लावली, अर्धा पेरू दिला आणि आईवडिलांची, कुडपणच्या घराची, लग्नाच्या विचारांची, सगळ्याची चौकशी केली. दिशा म्हणाली की लग्न एवढ्यात नाही, तिला आधी स्वतः खेळायला शिकायचं आहे. नोकरांना मंगळवारी मोकळं मैदान मिळतं, पण शिकवणारं कुणी नाही. बाई म्हणाल्या, टोला मी शिकवते, जवळचा चेंडू ढकलायचं दुसऱ्या कुणाकडून शीक.

परतीच्या वाटेवर बाईंना झोप लागली. जाग आली तेव्हा गाडी पोलादपुरात, बाजाराच्या कडेला थांबली होती आणि पंतांना तवसं, म्हणजे पावसाळ्यातली मोठी काकडी, हवं होतं. रस्त्यापलीकडे एक म्हातारी पाटीत मोठमोठी तवशी मांडून बसली होती. पंत इंजिन बंद करत होते तोवर बाई दार उघडून उतरल्यादेखील.

अर्धा रस्ता ओलांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

लेगिंग्ज पिशवीत होती, पिशवी डिकीत. समोर चहाची टपरी, टपरीवर माणसं, रिक्षांची रांग, एसटीची वाट पाहणारी दोन-तीन कुटुंबं. क्लबचे नियम निदान फोनवर आले होते. पोलादपूरचे कुणी लिहिलेले नव्हते, पण ते सगळ्यांना पाठ होते, बाईंना तर सगळ्यात जास्त. मागे वळावं तर अर्धा रस्ता, पुढे जावं तरी अर्धाच. टपरीवरच्या एकाने पाहिलं, दुसऱ्याला कोपर मारलं. एका रिक्षावाल्याने हात जोडून नमस्कार केला. त्याची मुलगी बहुधा शाळेत होती. बाईंनी मान हलवून नमस्कार घेतला आणि पुढे चालत राहिल्या.

पाटीमागच्या म्हातारीचं लुगडं गुडघ्यावर खोचलेलं होतं. पायाशी चिखल वाळून भेगाळला होता. तिने बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं, नजर गुडघ्याशी थोडी थांबली, आणि मग ती तवशांकडे वळली.

"बनुबाय, बाईंना कवळं दे गो," टपरीवरून कुणीतरी ओरडून सांगितलं. म्हातारीने तिकडे लक्ष दिलं नाही.

"भाजीला पायजे का असंच खायाला?" तिने विचारलं.

"असंच खायला. कडू नको हं."

"माज्याकडं कडू नाय. कडू निघालं तर परत आन." तिने एक उचललं, नखाने टोचून पाहिलं, बाजूला ठेवलं आणि दुसरं काढलं. "ह्ये घे. आन खाली बस ना बाय, उभ्यानं काय निवडतेस."

बाई पाटीसमोर उकिडव्या बसल्या. किशोरची शिवण जागची हलली नाही. बनुबाईने कोयत्याने तवशाची चकती कापली, मीठ लावलं आणि पुढे केली. पाठीवर ऊन होतं, डोंगराच्या बाजूने पुन्हा एक सर येत होती, आणि तवसं पाणीदार, गोड निघालं. बाईंनी दुसरी चकती मागितली आणि पंतांसाठी पाटीतलं सगळ्यात मोठं तवसं शोधायला घेतलं.